माझ्या मापाची जागा

"गुरुजी, तुमच्या एका पायात चप्पल न्हाई."

देवगाव फाट्यावर एसटीतून उतरलो तेव्हा मागून उतरलेल्या एका शेतकऱ्यानं मला हे सांगितलं. मी खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल होती, उजवा पाय अनवाणी होता. खाली टोकदार खडी होती आणि ती मला टोचत नव्हती. बस तोवर निघून गेली होती. तो माणूस हसला आणि म्हणाला, "चप्पल गेली म्होरं, तुमी राहिलात हितंच." मीही हसलो. तसाच एका चपलेवर शाळेपर्यंत चालत गेलो.

माझं नाव शांतवन. सेलूला राहतो आणि फाट्याच्या पुढच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. माय मिशनच्या दवाखान्यात आया होती. तिनं दुसऱ्यांच्या चादरी धुऊन मला शिकवलं, आणि चर्चमधल्या लोकांनी माझ्या पुस्तकांचा खर्च भागवला. हे उपकार मी विसरलेलो नाही. पुढं जे सांगणार आहे त्यात याच माणसांची एक मोठी चूक येईल, म्हणून हे आधी सांगतो.

हा आजार ज्यांना झाला आहे त्यांच्यासाठी मी लिहितोय. त्यांच्या उशाशी बसलेल्यांसाठी तर जास्तच.

नाव कळलं तो दिवस

चप्पल हरवली त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात खडू हातातून गळायला लागला. संध्याकाळी न्हाणीतून उठता येईना. बायको करुणा आणि शेजाऱ्यांनी मला खुर्चीसकट उचलून गाडीत घातलं आणि परभणीला आणलं. डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली. पाय हलला नाही. त्यांनी पुन्हा मारली. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, कारण तो पाय दुसऱ्याच कोणाचा तरी असावा तसा शांत पडून होता.

जीबीएस, असं ते म्हणाले. शरीराची स्वतःची फौज स्वतःच्याच नसांवर उलटते. पायातून वर चढत जातं. बहुतेक माणसं बरी होतात, पण आधी ते कुठवर चढेल हे सांगता येत नाही.

करुणानं विचारलं, "म्हणजे कुठवर?"

डॉक्टरांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

डोळे

ते छातीपर्यंत आलं, मग चेहऱ्यापर्यंत. श्वासासाठी गळ्यात नळी आली, बोलणं गेलं. पापण्यासुद्धा मिटेनात. उघडे डोळे कोरडे पडून खराब होऊ नयेत म्हणून सिस्टर त्यात मलम घालून वरून चिकटपट्टी लावायच्या. म्हणजे मी जागा होतो, सगळं ऐकत होतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला फक्त पट्ट्या लावलेलं एक तोंड दिसत होतं.

त्या अंधारात मी प्रार्थना करायला घेतली. लहानपणापासून रोज म्हटलेली प्रभूची प्रार्थना. अर्ध्यावर आलो की पुढची ओळ सापडायची नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो, पुन्हा तिथंच अडकायचो. तोंडपाठ असलेल्या जिन्याची एक पायरी कोणी काढून नेली असावी तसं. त्यानंतर मी तिकडं जायचंच बंद केलं. हे मी चर्चमध्ये पुष्कळ दिवस कोणाला सांगितलं नाही.

माझी मुलगी रूथ पुण्याला नोकरी करते. तिनं देव सोडून दिला आहे. भांडून नाही, गाव सुटतं तसं सुटलं. तिच्या मैत्रिणींत सगळ्या धर्मांच्या मुली आहेत आणि कोणीच काही पाळत नाही. आमच्या चर्चमधली बहुतेक तरुण मुलं अशीच गेली, कोणी पुण्याला, कोणी संभाजीनगरला. रविवारी बाकांवर आता पांढरी डोकी दिसतात. दवाखान्याच्या कागदावर धर्म विचारला तेव्हा रूथ म्हणाली होती, "पप्पांचा लिहा. माझा विचारू नका."

तीच रूथ भेटीच्या वेळेत माझ्याजवळ बसून बायबल वाचायची. कुठून वाचावं हे तिला माहीत नव्हतं, म्हणून तिनं पहिल्या पानापासून धरलं. बातम्या वाचाव्यात त्या आवाजात. वंशावळी आल्या, त्याही तिनं गाळल्या नाहीत. अमक्याला तमका झाला, तो इतकं जगला आणि मेला. मध्येच थांबून म्हणायची, "पप्पा, हे लोक फारच जगायचे." मला हसता येत नव्हतं. पण माझ्यासारख्याच्या कानांना त्या यादीचा केवढा आधार होता. कोणीतरी विश्वास नसताना माझा विश्वास माझ्यासाठी धरून बसलं होतं.

सुतळी

मग छातीत जंतू झाले. एका दुपारी डॉक्टर हळू आवाजात करुणाला म्हणाले की नातेवाइकांना बोलावून घ्या. मी ऐकलं. ती रडत बाहेर गेली तेही ऐकलं.

थोड्या वेळानं कोणीतरी आत आलं. चपलांच्या घासटण्यावरून ओळखलं, दाऊदभाऊ. माझे चुलतभाऊ, आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, कारभारी. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. पुष्कळ वेळ ठेवला. त्यानंतर माझ्या डोक्यापाशी काहीतरी खरखरीत टेकलं, आणि ते हळूहळू गळ्यावरून, छातीवरून, मांड्यांवरून पायांपर्यंत सरकत गेलं. मुंगळ्यांची रांग चालावी तसं. टाचेशी ते थांबलं. एक हलका ओढा बसला. मग गेलं.

दारापाशी त्यांनी फोन लावला. ते दबक्या आवाजात बोलत होते, पण त्या खोलीत मला दुसरं कामच नव्हतं.

"माप घेतलंय. पेटीचं बघतो मी. तुमी खणायला घ्या आजच. वरची माती दगडावानी झाली, खाली मुरूम हाय. चौघं म्हातारे आपण, ऐन वक्ताला कसं होईल? पोरं कुठं राहिलीत आता?"

तेव्हा मला कळलं की ती सुतळी होती.

दाऊदभाऊंचा मला राग आला नाही, आजही नाही. पूर्वी निरोप गेला की पंधरा-वीस पोरं कुदळी घेऊन धावायची. आता सेलूत खणायला चार म्हातारे उरलेत, आणि उन्हाळ्यात आमची काळी माती कुदळीला दाद देत नाही. त्यांनी प्रेमानंच हिशेब केला. पण उशाशी बसणाऱ्यांनो, तुम्हाला सांगतो, पडलेलं माणूस ऐकत असतं. तो सबंध दिवस मी मनातल्या मनात कुदळीचे घाव ऐकत होतो, कित्येक मैलांवरून. एवढंच की दुसऱ्या दिवशीही मी होतो. त्याच्या पुढच्याही दिवशी होतो.

घरी

परत येणं हळू झालं. आधी भुवई हलली. मग एक दिवस पापणी आपोआप मिटली, आणि सिस्टरनं "अरे वा, काका" म्हणून पट्ट्या काढून टाकल्या. नळी निघाली. तान्ह्या पोराला बसायला शिकवतात तसं मला शिकवलं. मे महिन्यात घरी आलो तेव्हा वॉकर धरून अंगणापर्यंत चालत होतो. रूथनं घरून काम करायची परवानगी घेतली होती.

मंडळी भेटायला आली, भाकरी-कालवणाचे डबे घेऊन. सगळे माझ्याकडं पाहायचे आणि पटकन नजर काढून घ्यायचे. मी धीर करून दाऊदभाऊंना विचारलं, "खणून झाली होती का?"

त्यांनी टोपी काढून हातात फिरवली. झाली होती. पुरी. पेटी सुताराकडून अजून आणली नव्हती म्हणून तो खर्च वाचला, पण कबर तयार होती. वर पत्रा टाकून दगड ठेवले होते.

"मग बुजवा की," मी म्हणालो.

सगळ्यांनी डबे आवरायला घेतले.

आमच्याकडं जुन्या माणसांत एक समज आहे. उघडलेली कबर रिकामी बुजवत नाहीत. बुजवली तर ती स्वतःहून माणूस मागते, आणि ज्याच्या नावानं खणली त्याच घरातून मागते; उघडी ठेवली तर कोणाची तरी वाट बघत राहते. हे बायबलमध्ये कुठंही नाही. कुठून आलं हे कोणाला सांगता येत नाही. महिन्यातून एकदा उपासनेला येणाऱ्या आमच्या पाळकांनी सरळ सांगितलं की रिकाम्या कबरेला भिणारा ख्रिस्ती म्हणजे पाण्याला भिणारा मासा. सगळ्यांनी माना हलवल्या. कुदळ कोणी उचलली नाही. पुढच्या रविवारी बघू, असं ठरलं. त्या उन्हाळ्यात चर्चमधली म्हातारी माणसं खोकायची बंद झाली होती. कोणाला ढास लागली की बाकीचे वळून बघायचे.

मी स्वतःला शिकलेला समजतो. पण दुपारी घरात सामसूम झाली की मला तो पत्रा वाऱ्यानं वाजल्यासारखा वाटायचा. कब्रस्तान आमच्या घरापासून तीन-चार गल्ल्या पलीकडं, गावाच्या कडेला आहे, तिथून एवढा आवाज येणं शक्य नाही. मी कान देऊन ऐकायचो. थांबायचा. लक्ष काढलं की पुन्हा.

गाठ

मग रूथला ताप आला. साधाच, गावात सगळ्यांना येत होता तसा. तीन गोळ्यांत उतरला. पण त्या तापानं मायच्या मनात काहीतरी पक्कं केलं.

ती जेवायची कमी झाली. ताटात अर्धी भाकरी घ्यायची आणि त्यातलीही कोंबड्यांना टाकायची. करुणानं विचारलं तर म्हणायची, भूक न्हाई. भर दुपारी, ऊन मी म्हणत असताना, डोक्यावर पदर घेऊन कुठंतरी जायची. दाऊदभाऊंच्या बायकोनं तिला कब्रस्तानात पत्र्याच्या कडेला बसलेलं पाहिलं. पत्र्यावर हात ठेवून. तापलेला पत्रा, पण हात काढत नव्हती म्हणे.

मी मायशी बोललो. तिनं मला लहान पोरासारखं उडवून लावलं. "तू चालायचं बघ. मोठ्या माणसाच्या कामात बोलू नको."

एके दिवशी ती बाहेर गेल्यावर करुणा तिचं अंथरूण झटकत होती. उशीखालून सुतळीचं एक वेटोळं पडलं. करुणाला काही कळेना. मला कळलं, दाऊदभाऊंची तीच सुतळी, मायनं त्यांच्याकडून मागून आणलेली. मी ती उलगडून पलंगावर पसरली, माझ्या लांबीची होती. पण त्यात एक नवी गाठ मारलेली होती, टोकापासून बरीच अलीकडं. रूथनं पाहिलं आणि सुतळी उचलून दारापाशी गेली. दाराच्या चौकटीवर आजीच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे, रोज ती तिथं टेकून उभी राहते म्हणून. सुतळीचं टोक तिनं जमिनीला टेकवलं. गाठ बरोबर आजीच्या उंचीला आली.

"आजी कुठंय आत्ता?" रूथनं विचारलं.

खाली

रूथ शेजारची गाडी आणायला धावली. मला थांबवेना. वॉकर घेतला आणि निघालो. घरापासून तेवढं मी आजारानंतर कधी चाललो नव्हतो. उन्हात रस्ता पांढरा दिसत होता. कुत्रंसुद्धा बाहेर नव्हतं. कब्रस्तानाचं फाटक उघडं होतं.

पत्रा सरकवलेला होता. कडेला मायच्या चपला होत्या, देवळाच्या दारात काढून ठेवाव्यात तशा, शेजारी शेजारी.

मी कडेपाशी गेलो आणि खाली पाहिलं. माय तळाशी उताणी झोपली होती. तोंडावर पदर. हात छातीवर जोडलेले. माझ्या तोंडून आवाजच निघाला नाही, जणू नळी पुन्हा गळ्यात होती. मग पदर हलला.

"कोण हाय?"

"मी आहे, माय."

"जाय घरी. मी बघायलेय मावते का." मग पदराआडूनच म्हणाली, "लय लांब खणली रे तुझ्यासाठी. पायाकडं मोकळीच राहती."

एका बाजूची माती ढासळून उतार झाला होता, तिथूनच ती घसरत उतरली होती. मी वॉकर टाकला आणि बसून, हात टेकत, तसाच खाली घसरलो. पाय दुमडले आणि मी तिच्या शेजारी आदळलो. उठता येणार नाही हे लगेच कळलं. खाली गारवा होता. मुरुमाला ओला वास होता. वर पाहिलं तर आभाळाचा एक तुकडा होता, चार कोपऱ्यांचा, माझ्या मापाचा.

माय उठून बसली. आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो. वर वाऱ्यानं पत्रा वाजला, आणि मी ओळखलं. घरात ऐकू यायचा तो हाच आवाज.

"रूथीला नको," माय म्हणाली. "तिचं काई झालं न्हाई अजून. माझं झालंय. मंग मी गेले तर कुनाचं काय बिगडतं?"

मी म्हणालो, पाळकांनी सांगितलंय ना, माय, हे खोटं आहे.

"पाळक परभणीला ऱ्हायतेत. कबर हितं हाय." मग ती माझ्याकडं वळली. इतके दिवस तिनं हे विचारलं नव्हतं, कोणीच विचारलं नव्हतं. "तू जाऊन आलास तितं. काय दिसलं रं तुला?"

मंडळीला माझ्याकडून साक्ष हवी होती. बरा झालेला माणूस चर्चमध्ये उभा राहतो आणि प्रभूनं काय केलं ते सांगतो, अशी आमची रीत आहे. मला उजेड दिसला असावा, आवाज आला असावा, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्या तळाशी बसून मायला मला खोटं सांगवलं नाही.

"काहीच नाही दिसलं, माय. अंधार होता. प्रार्थनासुद्धा आठवेना. अर्धीच यायची."

तिनं पदर कपाळावर ओढून घेतला. मला वाटलं, मी तिचं उरलंसुरलंही काढून घेतलं.

"कुठपतूर यायची?" तिनं विचारलं.

मी म्हणायला लागलो. मोठ्यानं. रोजच्या भाकरीपर्यंत आलो आणि थांबलो. त्या भिंतींमध्ये माझा आवाज परका वाटत होता. मायनं पुढची ओळ म्हटली, दवाखान्यात आजाऱ्यांना पांघरुणं घालताना म्हणायची तशी, पुटपुटत. मी तिच्या मागून म्हटली. मग तिनं पुढची. असं करत आम्ही शेवटापर्यंत गेलो. आमेन म्हणालो तेव्हा पत्रा वाजायचा थांबला होता. वारा पडला असेल. मी एवढंच सांगतो की थांबला.

वरून रूथची सावली पडली.

"पप्पा? आजी?" ती एकदम कडेलाच बसली. रडत होती की हसत होती ते मला खालून दिसलं नाही. "काय चाललंय तुमचं दोघांचं?"

"प्रार्थना," माय म्हणाली. "हात दे."

रूथनं आधी आजीला ओढलं. मग दाऊदभाऊंना फोन करून बोलावलं, त्यांनी आणि तिनं मिळून मला काखेत धरून वर काढलं. दाऊदभाऊ धापा टाकत होते आणि माझ्याकडं बघत नव्हते. वर आल्यावर मी मातीतच पडून राहिलो. ऊन तोंडावर आलं आणि पापण्या आपोआप मिटल्या.

माय कडेला उभी राहून खाली बघत होती. पुष्कळ वेळ. मग दाऊदभाऊंना म्हणाली, "बुजीव आता."

"रिकामी, काकू?"

"रिकामी कशी? दोघं जाऊन आलोत. तिनंच ठेवून घेतलं न्हाई."

रूथनं आणलेली सुतळी तिनं मागून घेतली, गाठ सोडली आणि खाली टाकली. पहिलं फावडं रूथनं मारलं. तिचा या कशावरही विश्वास नाही, आणि तिनं हाताला फोड येईपर्यंत माती ओढली. दाऊदभाऊ तिच्या शेजारी लागले. संध्याकाळपर्यंत बाकीचे तिघेही आले. त्या दिवशी मायनं रात्री दीड भाकरी खाल्ली.

साक्ष

पुढं मी चर्चमध्ये उभा राहिलो. उजेडाचं काही सांगितलं नाही. अर्ध्या प्रार्थनेचं सांगितलं, आणि उरलेली अर्धी कोणी म्हटली ते सांगितलं. वंशावळी वाचणाऱ्या माझ्या मुलीचं सांगितलं. काही लोक नाराज झाले. एक आजोबा दार ओलांडताना माझा हात धरून म्हणाले, माझीबी अर्धीच येती रे. एवढंच बोलले आणि निघून गेले.

ज्यांना हा आजार झालाय त्यांना सांगतो: पायाला मुंग्या येऊन जोर जायला लागला तर उद्यावर टाकू नका. आणि प्रार्थना येत नसेल तर घाबरू नका. दुसऱ्या कोणाला तरी येत असते. त्याचा विश्वास असो वा नसो, त्याला शेजारी बसू द्या.

पावसाळ्यात ती जागा थोडी खचली. पुन्हा माती टाकली. आता परत उन्हाळा आला आहे. रूथ पुण्याला परत गेली, रविवारी आजीला फोन करते आणि चर्चमध्ये कोण कोण आलं होतं ते विचारते. का विचारते ते मी विचारत नाही.

काल संध्याकाळी मी आणि माय वडिलांच्या कबरेवर फुलं ठेवायला गेलो होतो. सगळ्या कब्रस्तानाची माती उन्हानं फाटली आहे, हात जाईल एवढ्या भेगा पडल्या आहेत. फक्त तो एक लांबट तुकडा अखंड आहे, एकही भेग नाही. खणलेली माती भुसभुशीत असते म्हणून, हे मी शाळेत मुलांना समजावून सांगू शकेन. तरी मी त्याच्यावरून चालत जात नाही. कडेनं जातो.

काल माय त्याच्यावरून सरळ पलीकडं गेली आणि वळून माझ्याकडं बघत उभी राहिली. मीही पाऊल टाकलं. माती पायाखाली जराशी दबली. आणखी एक टाकलं. मधोमध आलो तेव्हा मायनं विचारलं,

"दोनी पायात चप्पल हाय ना रं?"

मी खाली पाहिलं. होती.